शाळा सोडल्याचे कारण

४ जानेवारी

चि. पेन्सिल हीस,
अ. उ. आ.

पाकिटावर माझं अक्षर बघून घाबरू नकोस, घरी सगळे धडधाकट आहेत. तुझी आई गुडघ्यांशी भांडते आहे आणि तुझे बाबा कचेरीच्या जन्ममृत्यूच्या खिडकीत बसून लोकांशी. दोघांनाही त्याशिवाय करमत नाही. आत्याला फोन सोडून पत्राची हौस कुठून आली, असं तुला वाटेल. एकतर माझी खोली आणि दादाची खोली यांच्यामध्ये भिंत म्हणून जे काही आहे, त्यातून शिंकसुद्धा आरपार जाते. आणि दुसरं, मला तुझ्याकडून जे हवंय ते फोनवर देण्यासारखं नाही. मला गणित हवंय.

आता पहिल्यापासून सांगते. मागच्या सोमवारी शिफ्ट सुटल्यावर आम्हा सगळ्यांना पॅकिंग शेडमध्ये उभं केलं. मॅनेजरसाहेब एका खोक्यावर चढले आणि म्हणाले की सरबताच्या आणि तेलाच्या बाटल्या आता आपण बंद करणार, कारण गिऱ्हाईक प्लॅस्टिककडे गेलंय. पुढच्या वर्षापासून औषधाच्या कुप्या काढायच्या. राज्यात औषधांचे मोठमोठे कारखाने येताहेत म्हणे, वारं बदललंय. ते बदललं ते ठीक, पण त्या वाऱ्याबरोबर तपासणीला कॅमेऱ्याचं मशीनही येतंय. म्हणजे आम्ही ज्या बावीस जणी उजेडाच्या पडद्यासमोर बसून पट्ट्यावरून सरकणाऱ्या बाटल्यांतले तडे, बुडबुडे आणि खडे हुडकतो, त्यांचं काम संपलं. एकवीस वर्षं मी त्या पडद्यासमोर बसले आहे.

पण एक दार ठेवलंय. नवी तंत्रशाळा निघाली आहे ना, तिथे एक वर्षाचा गुणवत्ता-तंत्रज्ञाचा कोर्स आहे. तो पास झालं की नव्या विभागात पक्की नोकरी. प्रवेशपरीक्षा पंधरा मार्चला, त्यात निम्मं गणित. दहावी पास असलं तरी चालतं, पण वय पंचेचाळीसच्या आत हवं. मला सप्टेंबरात पंचेचाळीस पुरी होतात, तेव्हा ही एकच परीक्षा माझ्या वाट्याला आहे.

खरं सांगू? नोकरी हवीच आहे, पण नुसत्या नोकरीसाठी मी हे करत नाही. इतकी वर्षं मी बाटलीला तडा गेला हे सांगत आले. तो का गेला, हे मला कुणी सांगितलं नाही. भट्टी जास्त तापली, की पट्टा जोरात पळाला, की वाळूतच काही होतं? वरच्या मजल्यावरच्या मुलांना ते ठाऊक असतं. मी एकदा विचारलं तर म्हणाले, मावशी, तुम्ही फक्त बाजूला काढा. मला ते एकदा समजून घ्यायचंय गं.

दादाला सांगितलं. त्याने चष्मा काढून पुसला आणि या वयात अपमान करून घ्यायची हौस कशाला, असं म्हणून पुन्हा घातला. त्यामुळे आता तूच.

तुझा लोभ आहे तेवढाच पुरे, फक्त त्यात थोडी भूमिती घाल.

तुझी आत्या

---

११ जानेवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी हॉस्टेलच्या जिन्यात वाचलं, मग खोलीत वाचलं, मग खोलीतल्या तिघींना वाचून दाखवलं. तिघींचं म्हणणं पडलं की अशी आत्या भाड्याने मिळत असेल तर सांग.

आत्या, तुला कल्पना नाही की तुझं पत्र किती वेळेवर आलं. मागच्या आठवड्यात आमच्याकडे नोकरी मेळावा होता. मोठ्या हॉलमध्ये चाळीस टेबलं, प्रत्येकावर एक हसरा माणूस आणि चकचकीत कागद. औषधवाले होते, बॅटरीवाले होते, नुसतंच "भविष्य" असं लिहिलेला एक फलक होता आणि त्याच्या मागे कुणीच नव्हतं. मी बॅटरीवाल्याला विचारलं की संख्याशास्त्र शिकणाऱ्यांना तुमच्याकडे काय काम. तो म्हणाला की सध्या चांगली मागणी आहे, पाच वर्षांनी काय असेल ते त्यालाही माहीत नाही. आमचे सर म्हणतात की या राज्यात आज शिकून बाहेर पडणाऱ्याला आयुष्यात निदान तीनदा नव्याने शिकावं लागेल. आम्ही सगळ्या विशीतल्या मुली तोंडं पाडून परत आलो. आणि दुसऱ्या दिवशी चव्वेचाळीस वर्षांच्या बाईचं पत्र, की मला गणित हवंय! मला इतकी लाज वाटली आणि इतका अभिमान वाटला की दोन्ही एकाच वेळी कुठे ठेवू ते कळेना.

सोबत पहिली वीस गणितं आहेत. अपूर्णांकांपासून सुरुवात केली आहे, रागावू नकोस. दर आठवड्याला वीस. सोडवून परत पाठव, मी तपासून पाठवीन. त्यासाठी लाल पेन विकत आणलंय. लहानपणी तू माझ्या पाढ्यांवर ज्या खुणा केल्यास त्यांचा पुरता सूड घेणार आहे.

तुला बाटल्यांचीच गणितं घालू का? तुला सोपं जाईल.

बाबांचं मनावर घेऊ नकोस. त्यांना प्रत्येक गोष्टीला आधी नाही म्हणायची सवय आहे, खिडकीत बसून बसून लागलेली.

लोभ वाढता असू दे, बेरीज मी करते.

तुझी
पेन्सिल

---

२८ जानेवारी

चि. पेन्सिल हीस,
अ. उ. आ.

वीसच्या वीस पाठवते आहे. पॅकिंगच्या चिठ्ठ्यांच्या पाठीवर सोडवलीत, त्यावर तेलाचा डाग आहे तो हिशेबात धरू नकोस. सातव्यात मी अडकले होते. शिफ्टच्या आधी तासभर बसते ना, त्या दिवशी सातव्याला डोकं लावता लावता बस चुकली. मग चालत निघाले आणि पुलावर आल्यावर गणित सुटलं. भर रस्त्यात हसले. मागून सायकलवाला घंटी वाजवत होता, बाजूला झालेच नाही.

तुझ्या त्या हौदवाल्या माणसाला मात्र कुणीतरी समज द्या. एका नळाने पाणी भरतो आणि दुसऱ्याने सोडतो, आणि वर आम्हाला विचारतो की हौद कधी भरेल! आधी तो दुसरा नळ बंद कर म्हणावं.

बाटल्यांची गणितं नकोत. दिवसभर तेच तर बघते. मिटल्या डोळ्यांपुढूनसुद्धा बाटल्या सरकतात. निदान गणितात तरी मला झाडं दे, आगगाड्या दे, दुधात पाणी घालणारे गवळी दे. बाहेरचं जग तेवढंच बघणं होतं.

शेडमध्ये आता सगळ्याच जणी अभ्यासाला लागल्यात. आमची बुटकी, माझ्या शेजारच्या पडद्यावर बसते ती, जेवणाच्या सुट्टीत पुस्तक उघडते आणि तिसऱ्या ओळीला घोरते. मी तिला तुझी गणितं देते. तुझी कीर्ती पसरली आहे. "पेन्सिलबाईंनी काय पाठवलंय" असं विचारतात. बाईंचं वय वीस आहे हे मी सांगितलेलं नाही.

तुझी आई रोज मला एक अंडं जास्त उकडते, डोक्याला लागतं म्हणून.  दादा मात्र मी वही उघडली की उठून बाहेर जातो.

माया आहे तशी राहू दे, लाल पेन जरा आवरून वापर.

तुझी आत्या

---

३ एप्रिल

चि. पेन्सिल हिस अनेक आशीर्वाद.

पत्रास कारण की, तुझ्या आत्याच्या परीक्षेचा निकाल काल तंत्रशाळेच्या फळ्यावर लागला. यादीत तिचं नाव नाही. किमान पन्नास गुण आवश्यक होते, तिला चव्वेचाळीस मिळाले. ती स्वतः तुला कळवणार नाही अशी खात्री असल्याने मी कळवीत आहे.

परीक्षेहून ती आली तेव्हा पेपर उत्तम गेला असं म्हणाली होती. तू ज्या प्रकारची गणितं दिली होतीस त्यातली बरीच आली होती, आणि एक पूर्ण भाग तर बाटल्यांवरच होता, तो तिने सर्वांत आधी आणि हसत हसत सोडवला, असं तिने तुझ्या आईस सांगितलं. त्यामुळे घरात सर्वजण पास धरूनच चालले होते.

काल ती वेळेवर घरी आली, जेवली, भांडी घासली. नंतर तिच्या खोलीतल्या खिडकीची काच पुसत बसली. काच स्वच्छ होती.

मी आधीच सांगितलं होतं, असं मी तिला म्हणालो नाही. ते तू ध्यानात घ्यावंस.

तुझी प्रकृती सांभाळ. अभ्यासाकडे लक्ष असो. आमचा लोभ आहेच, तो मागावा लागत नाही.

तुझे
बाबा

---

७ एप्रिल

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

बाबांचं पत्र आलं. आत्या, हे शक्य नाही. तू शेवटच्या तीन आठवड्यांत साठातली अठ्ठावन्न बरोबर सोडवलीस, आणि उरलेल्या दोनांत एक चूक माझीच होती. मी तुझे सगळे कागद जपून ठेवलेत. शेकडेवारी तर तू माझ्यापेक्षा भराभर करतेस. त्यांनी तपासण्यात घोळ घातलाय. मी प्राचार्यांना पत्र लिहिणार आहे, तुझे कागद जोडून. आमच्या सरांची सही घेते. दोन दिवसांत पाठवते.

तू जेवतेस ना नीट? फोन उचलत नाहीस म्हणून विचारते.

तुझा लोभ माझ्यावर असू दे, आणि माझा राग त्या तंत्रशाळेवर.

तुझी
पेन्सिल

---

१३ एप्रिल

चि. पेन्सिल हीस,
अ. उ. आ.

कुणाला काही लिहू नकोस. लिहिलं असशील तर फाडून टाक. घोळ त्यांनी नाही घातला, मी घातला, आणि माझ्या चुकीची वकिली तू केलेली मला चालणार नाही.

दोन दिवस मला काही सुचलं नाही हे कबूल करते. वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. तिसऱ्या दिवशी मनात आलं की ज्या बाईने जन्मभर दुसऱ्याच्या बाटल्यांतले तडे शोधले तिला आपला स्वतःचा तडा कुठे आहे ते माहीत नसावं, हे काही बरोबर नाही. रजा काढली आणि तंत्रशाळेत गेले. गणिताचे मास्तर भेटले. कोवळं पोर आहे, तुझ्याहून चारपाच वर्षांनी मोठं असेल. मी म्हटलं की मला गुण वाढवून नकोत, पेपर दाखवा. त्यांनी दाखवला.

पेन्सिल, मला तिथेच हसू फुटलं. मास्तरांना वाटलं की निकालाने बाईचं डोकं फिरलं.

झालं असं. आमच्या शेडमध्ये शंभर हा आकडाच नाही. बारा बाटल्यांचा डझन आणि बारा डझनांचं ग्रोस, म्हणजे एकशे चव्वेचाळीस. खोकं ग्रोसाचं, चिठ्ठी ग्रोसाची. रिजेक्ट किती, असं साहेबांनी विचारलं की आम्ही ग्रोसामागे किती ते सांगतो. एकवीस वर्षं हा हिशेब मी तोंडी केलाय, बोलता बोलता, चहा पिता पिता. पेपरात होतं की आठशे बाटल्यांत शंभर रिजेक्ट, तर टक्के किती. टक्के असं ठळक छापलं होतं आणि मी ते वाचलंही होतं. पण बाटल्या दिसल्या आणि हात आपोआप चालला. उत्तर साडेबारा, मी लिहिलंय अठरा. पुढे दोनशे चाळिसांत साठ, उत्तर पंचवीस, माझं छत्तीस. आठच्या आठ प्रश्न असेच, सगळे ग्रोसात, आणि ग्रोसात एकूण एक बरोबर! गवळी आणि आगगाड्यांना मात्र मी शंभरानेच वागवलंय, तिथे पैकीच्या पैकी गुण आहेत.

बाटल्यांची गणितं नकोत असं मीच तुला सांगितलं होतं. तेव्हा तू जिवाला लावून घेऊ नकोस. तू उत्तम शिकवलंस. मी मास्तरांचे आभार मानले आणि घरी आले. आता निदान माहीत तरी आहे. मे अखेरीला शेड बंद होईल, मग मालखात्यात बघू.

माझ्यावरचा लोभ ग्रोसाने मोज, जरा जास्त भरेल.

तुझी आत्या

---

१८ एप्रिल

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र फाडलं. पण आता मी जे विचारते त्याचं उत्तर दे, कारण मला ते वाचून झोप नाही.

आमच्या विषयात चुका दोन जातींच्या असतात. एक इकडेतिकडे पडणारी, आज जास्त, उद्या कमी. ती माणसाच्या गडबडीची. आणि दुसरी कायम एकाच बाजूला झुकणारी, प्रत्येक वेळी तेवढीच. ती माणसाची नसते, मोजपट्टीची असते. तुझी चूक दुसऱ्या जातीची आहे. आणि ती मोजपट्टी तुझ्या एकटीच्या हातात थोडीच आहे! ती तर तुमच्या अख्ख्या शेडच्या हातात आहे.

शेडमधून परीक्षेला किती जणी बसल्या? किती नापास झाल्या? आणि आत्या, नापास झालेल्या शेडमध्ये किती वर्षांपासून आहेत? एवढंच मोजून कळव. तुझ्यासाठी मागू नकोस हवं तर, पण बुटकीसाठी तरी मोज.

लोभ तर मी दोन्ही मापांनी मागते, बाटल्यांच्याही आणि आगगाड्यांच्याही.

तुझी
पेन्सिल

---

६ मे

चि. पेन्सिल हीस,
अ. उ. आ.

उत्तराला उशीर झाला, कारण तू सांगितलेलं मोजण्यात आणि न सांगितलेलं करण्यात दिवस गेले. बस आता नीट आणि वाच.

बावीसच्या बावीस जणी बसल्या होत्या. सहा पास, सोळा नापास. त्या सहाही पोरी चार वर्षांच्या आतल्या, शाळा सुटून सरळ शेडमध्ये आलेल्या. सोळा जणींत दहा वर्षांच्या आतली एकही नाही. हे आकडे मांडले आणि पुन्हा एकदा मोजले. म्हणजे गं, ज्या कामात मुरल्या त्याच बुडाल्या.

पण नुसतं एवढं घेऊन गेले असते तर कुणीही म्हणालं असतं की जुन्या बायका, गणित विसरल्या असतील. म्हणून मी एक केलं. चहाच्या सुट्टीत प्रत्येकीला एक चिठ्ठी दिली. चारशे बाटल्यांत पन्नास रिजेक्ट, टक्के काढा, एकमेकींचं बघायचं नाही. मी सोडून उरलेल्या पंधरा नापासांपैकी तेरा जणींनी अठरा लिहिलं. बुटकीने तर अठराखाली दोन रेघा मारून पहिली चिठ्ठी दिली. एकीचं उत्तर भलतंच, आणि एकीने काहीच न लिहिता फूल काढलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा चिठ्ठी. चारशे झाडं, पन्नास वाळली, टक्के काढा. त्याच तेरांपैकी अकरा जणींचं साडेबारा! आकडे तेच, बाई तीच. फक्त बाटलीच्या जागी झाड.

मग अर्ज करायचा ठरलं. दादाचं अक्षर मोत्यासारखं, शिवाय जन्म अर्जांतच गेलाय त्याचा. मी त्याच्यापुढे कोरा कागद ठेवला आणि म्हटलं की मी सांगते, तू लिही. त्याने पेनाला टोपण लावलं. म्हणाला की मी लिहिणार नाही, दुसऱ्या कुणाचाही लिहीन, तुझा नाही. आणि चपला घालून निघून गेला. मला ते लागलं. भांडला असता तर परवडलं असतं. एवढ्या वर्षांत मी त्याच्याकडे कधी काही मागितलं होतं, ते मला आठवेना.

असो. मीच लिहिला. तीन कागद वाया गेले. त्यात मी लिहिलं की आमची चूक ती चूकच आहे, टक्के विचारले होते आणि आम्ही ग्रोस दिलं, त्याचे गुण देऊ नका. फक्त तेवढा भाग परत एकदा विचारा. बाटल्याच विचारा, झाडं नकोत. सोळा सह्या केल्या आणि सगळ्या चिठ्ठ्या जोडल्या.

प्राचार्या बाई आहेत, माझ्याच वयाच्या, चेहऱ्यावर इस्त्री केल्यासारख्या. त्यांनी चिठ्ठ्या टेबलावर दोन ओळींत मांडल्या, बाटल्या वर आणि झाडं खाली. मग ही युक्ती कुणाची, असं विचारलं. मी म्हटलं की आकडे मोजायला भाचीने सांगितलं, झाडं माझी. त्यांनी समितीपुढे ठेवते म्हणून सांगितलं. काल उत्तर आलं. चोवीस मेला त्या भागाची फेरपरीक्षा, गुणांची अट तीच, सवलत काही नाही. मला तेवढंच हवं होतं.

आता मात्र फक्त बाटल्यांची गणितं पाठव. शंभर पाठव. शंभरच हं.

लोभात खंड पडू देऊ नकोस, गणितांतही नको.

तुझी आत्या

---

१२ मे

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

शंभर गणितं सोबत आहेत, सगळी बाटल्यांची. पहिल्या पन्नासांच्या डोक्यावर मी लाल पेनाने १०० लिहिलंय. ती त्याकडे बघून सोडव. पुढच्या पन्नासांवर ते नाही, तिथे तुझं तू बघायचंस.

आता दुसरं. रागावणार नसशील तर सांगते, आणि रागावलीस तरी सांगते. तुझं सहा मेचं पत्र मी सरांना दाखवलं. त्यांनी उभ्याउभ्या वाचलं आणि मग खुर्ची ओढून परत वाचलं. म्हणाले की आकडे तेच ठेवून एकच गोष्ट बदलायची आणि काय होतं ते बघायचं, हे आम्ही तुम्हाला तिसऱ्या वर्षाला शिकवतो आणि तरी निम्म्यांना जमत नाही. या बाईंना कुणी शिकवलं? मी म्हटलं, कुणीच नाही. आत्या, मला हे फार मोठ्याने सांगावंसं वाटतं. मला वाटत होतं की मी तुला शिकवते आहे. नोकरी मेळाव्यातल्या त्या हसऱ्या माणसांना पाच वर्षांनंतरचं काही सांगता आलं नाही, पण मला आता तितकी धास्ती वाटत नाही. कुठेही गेले तरी तुझ्यासारखं विचारायला शिकले तर उपाशी मरणार नाही.

बाबांचं मलाही कळलं नाही. अर्ज म्हणजे तर त्यांचा जीव की प्राण. त्यांना विचारू का? तू नको म्हणालीस तर नाही विचारणार.

चोवीसला सकाळी मी इथे तुझ्याबरोबर जागी असेन. लोभाची परीक्षा नाही, त्यात तू कधीच पास आहेस.

तुझी
पेन्सिल

---

१२ जून

चि. पेन्सिल हिस अनेक आशीर्वाद.

विषय: तुझ्या आत्याचा प्रवेश.

१. फेरपरीक्षेचा निकाल काल लागला. सोळांपैकी तेरा जणी उत्तीर्ण. तुझ्या आत्यास आठपैकी आठ. एकूण गुणांत ती आता यादीत दुसरी आहे. तिच्या शेजारी बसणारी ती ठेंगणी बाईही काठावर पास झाली व तंत्रशाळेच्या आवारात सर्वांसमक्ष मोठ्याने रडली.

२. प्रवेश घेण्याची मुदत आजची होती. मी अर्ध्या दिवसाची रजा घेऊन तिच्यासोबत गेलो. कचेरीत त्या बाजूला काम आहे असं तिला सांगितलं होतं. तसं काही काम नव्हतं.

३. तू मागच्या पत्रात मला विचारलंस की मी तिचा अर्ज का लिहिला नाही.

इथून पुढे क्रमांक घालत नाही. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, तुझ्या आईलाही नाही.

तुझ्या आत्याला दहावीला माझ्यापेक्षा जास्त गुण होते. गणितात तर फारच. ती अकरावीत तीन महिने गेली. त्या वर्षी आजोबांचं काम सुटलं आणि घरात एकालाच पुढे शिकवता येईल असं ठरलं. ठरलं म्हणजे ते म्हणाले आणि मी गप्प बसलो. मी अठरा वर्षांचा होतो, बोलू शकलो असतो. शाळेला अर्ज द्यायचा होता, तिचं नाव काढून टाकण्याचा. आजोबांना लिहिता येत नव्हतं. घरात अक्षर माझं चांगलं. तो अर्ज मी लिहिला. कारण म्हणून "घरगुती अडचण" असं लिहिलं. ती समोर बसून वाचत होती. तिने फक्त तारीख चुकली आहे असं सांगितलं, आणि ती चुकलीच होती.

ती वही घेऊन बसली की मला त्या खोलीत बसवत नाही, ते यामुळे. तिने मे महिन्यात कोरा कागद माझ्यापुढे ठेवला तेव्हा माझा हात चालला नाही. तिला काय वाटलं असेल ते मला कळतं. सांगायला जीभ रेटली नाही.

आज खिडकीवरच्या कारकुनाने प्रवेशाचा फॉर्म दिला. शाळेतून नुकत्याच निघालेल्या मुलांसाठी छापलेला आहे, त्यात पालकाचं नाव आणि सही आहे. आत्याने तिचे रकाने भरले आणि फॉर्म माझ्याकडे सरकवला. मी नातं या जागी भाऊ लिहिलं. वर पाहिलं तर एक रकाना तिने मोकळा सोडला होता. यापूर्वी शाळा सोडल्याचे कारण. तो विसरली की मुद्दाम सोडला, ते मी विचारलं नाही.

मी तिथे लिहिलं, भावाच्या शिक्षणासाठी.

कारकुनाने ते वाचलं आणि घरगुती अडचण एवढं लिहिलं तरी भागतं, सगळे तेच लिहितात, असं मला सांगितलं. मीही रोज लोकांना हेच सांगतो. मी म्हटलं की हे असंच राहू द्या, हे बरोबर आहे. त्याने शिक्का मारला. आत्याने फॉर्म हातात घेतला, वरपासून खालपर्यंत नजर टाकली, जशी ती टाकते तशी, आणि म्हणाली की दादा, तुझं अक्षर अजून चांगलं आहे रे.

आम्ही दोघं चालत घरी आलो.

आमच्यावर लोभ असू दे. मी तो इतकी वर्षं गृहीत धरत आलो, आज मागतो.

तुझे
बाबा